मेंढीच्या लोकरीचा गालिचा आणि घरातल्या चपला

मुलीनं क्राइस्टचर्चहून आणलेलं मेंढीचं अख्खं कातडं गेली दोन वर्षं आमच्या घरात आहे. तिकडे ते जमिनीवर अंथरायचा गालिचा म्हणूनच विकतात. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्यावरून हात फिरवतो आणि मग विचारतो, यावर चपला घालून चालता का? दोन वर्षांत चपला घालून आणि अनवाणी, दोन्ही करून पाहिलं आहे. त्यामुळे आता जे सांगते ते अनुभवाचं आहे: नाही, चालू नका. बाहेरच्या नाहीत आणि घरातल्याही नाहीत.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. लांबी साडेतीन फुटांच्या आसपास, रुंदी दोन फूट, रंग सायीसारखा. लोकर माझ्या बोटाची दोन पेरं आत जातील इतकी दाट. मागची बाजू कमावलेल्या चामड्याची, मऊ. किंमत १४० न्यूझीलंड डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण सात हजार रुपये. पहिले आठ-दहा दिवस त्याला लोकरीचा हलका वास होता. माझं बालपण आटपाडीकडचं, दारावरून मेंढरं जायची. मला तो वास घरचा वाटला. ह्यांनी मात्र खिडकी उघडली.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सगळीकडे व्हिट्रिफाइड फरशी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ती इतकी गार असते की पाय टेकवत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत उभी राहून शिकवलं, आता टाचा दुखतात. झोपेतून उठल्यावरची पहिली चार-पाच पावलं सगळ्यात वाईट. म्हणून गालिचा पलंगाच्या कडेला टाकला. पहिल्या सकाळी पाय खाली सोडला तेव्हा जे वाटलं ते मी विसरणार नाही. टाच आत रुतते, लोकर चारी बाजूंनी वर येते आणि दोन मिनिटांत पाय गरम होतो. मऊ गादी आणि ऊब एकाच वस्तूत मिळते. टाचदुखी त्यानं बरी होत नाही, तो त्याचा दावाही नाही. पण ती पहिली पावलं सुसह्य झाली, एवढं मी खात्रीनं सांगते.

अडचण वेगळीच निघाली. ह्यांना सतरा वर्षं मधुमेह आहे. तळपायाची संवेदना कमी झाली आहे. काटा बोचला तरी कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे की घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, नुसत्या मोज्यांवरही नाही. त्यामुळे त्यांच्या पायात दिवसरात्र एमसीआरच्या, म्हणजे मधुमेहींसाठीच्या मऊ रबराच्या, चपला असतात. रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठतात आणि वाट नेमकी गालिच्यावरून जाते. ‘घरातल्याच चपला आहेत, धुतलेल्या आहेत, काय होणार?’ असं मीच म्हणाले होते.

जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये एक दिवस गालिचा झटकायला घेतला तर मधोमध हातभर रुंदीचा पट्टा दबलेला. दबलेला म्हणजे नुसता बसलेला नव्हे. लोकरीचे पुंजके एकमेकांत असे अडकले होते की बोटांनी सुटेनात. कडेची लोकर पहिल्यासारखीच मोकळी, मधली मात्र पापडासारखी एकजीव.

हे का झालं, ते मला लगेच कळलं, कारण ही क्रिया आमच्या भागात लोक मुद्दाम करत आले आहेत. जेन माहीत आहे ना? पिंजारी लोक लोकर पिंजून तिचे थर लावतात, त्यावर पाणी मारतात, गुंडाळी करतात आणि ती दाबून, रगडून, मळून मळून लोकरीचा जाड एकसंध पत्रा तयार करतात. त्यात माग नाही, धागा नाही. काश्मीरचा नमदाही असाच होतो. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. ओल आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत गुंततात आणि सहजी सुटत नाहीत. आमच्या बेडरूममध्ये पावसाळ्यात हेच चाललं होतं. लोकर हवेतली ओल भरपूर शोषते, स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. त्यात बाथरूममधून आलेल्या चपलेचा दमट तळ, वर माणसाचं वजन आणि रबराची पकड. अनवाणी पाय लोकरीवर टेकतो आणि उचलला जातो. रबरी तळ तिला धरून पिळतो. चप्पल स्वच्छ होती की घाण, याचा इथे काही संबंधच नाही. हा मुद्दा मला कुणी आधी सांगितला असता तर तो पट्टा वाचला असता.

घाणीचा प्रश्न त्याहून निराळा. बाहेरच्या बुटांबरोबर जी कच येते ती आखूड लोकरीच्या गालिच्यावरून झाडता येते. या खोल लोकरीत ती सरळ बुडाशी जाऊन बसते. मग वरून कुणीही चाललं, अगदी अनवाणी, तरी ते कण लोकर मुळाशी कापत राहतात. केरसुणी तिथवर पोचत नाही. व्हॅक्यूम क्लीनरचा फिरता ब्रश लोकर ओढून उपटतो, तो लावूच नका. ब्रश नसलेली साधी नळी चालते. बाकी गॅलरीत नेऊन उलटा धरायचा आणि चामड्याच्या बाजूनं हातानं थोपटायचा. हे मी दर रविवारी करते.

दबलेल्या पट्ट्याचं काय केलं, तेही सांगते. कुत्र्यांच्या केसांसाठी तारेचा ब्रश मिळतो, तो आणला. टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जायचं, डोक्यातली जट सोडवतो तसंच. तीन दुपारी गेल्या. निम्म्याहून जास्त लोकर मोकळी झाली, थोडी तुटून हातात आली, उरलेली तशीच राहिली. नंतर धुतला. लोकरीवर कपड्यांची नेहमीची पावडर चालत नाही. ती क्षारयुक्त असते आणि बऱ्याच पावडरींत प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम्स असतात. लोकर म्हणजे प्रथिनच. मी आईच्या पद्धतीनं रिठ्याचं पाणी केलं, गार. चामड्याची बाजू जेमतेम ओली होऊ दिली, पिळलं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं आणि सावलीत आडवं पसरून वाळवलं. अर्धवट वाळत असताना चारी बाजूंनी हातानं ताणत राहिले, नाहीतर चामडं आकसून कडक होतं. वाळायला चार दिवस लागले. पावसाळ्यात हे करू नका, बुरशी धरेल. उन्हातही टाकू नका, मागची बाजू वाळल्या पोळीसारखी होईल.

आता दुसऱ्या गालिच्याबद्दल, कारण बहुतेकांच्या घरी हाच असतो. हॉलसाठी मी पुण्यातल्याच एका दुकानातून नकली फरचा राखाडी गालिचा घेतला होता, पाच फूट बाय तीन फूट, अठराशे रुपये. पॉलिएस्टरचा. दुकानदार म्हणाला, ‘बूट घालून नाचा, काही होत नाही.’ एसी दुरुस्तीला आलेल्या मुलानं दारात विचारलं होतं, ‘काकू, बूट काढू का?’ पाऊस होता, हातात जड सामान होतं, मी म्हटलं राहू दे. त्या एका दिवसात गालिचा खराब झाला असं नाही. पण त्यानंतर ‘यावर चालतं’ असं घरात सगळ्यांनी धरलं आणि सहा महिन्यांत त्याची टोकं गुंतून बारीक बारीक दोऱ्या झाल्या. नकली फरला खवले नसतात, त्यामुळे ती जेनसारखी एकजीव होत नाही. पण प्लॅस्टिकचा तंतू एकदा वाकला, चुरगळला की सहसा पुन्हा नीट उभा राहत नाही. खऱ्या लोकरीला जन्मतःच कुरळेपणा असतो, ती दाबली तरी उसळून वर येते. नकलीला इस्त्रीनं सरळ करायला जाऊ नका, टोकं वितळून टोचायला लागतात. मी दुकानात परत घेऊन गेले. त्यांनी बदलून दिला नाही आणि ‘असं आम्ही बोललोच नाही’ म्हणाले. पैशापेक्षा त्याचं वाईट वाटलं.

नकलीच्या बाजूनं दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. त्याला कसर लागत नाही. खऱ्या लोकरीला लागते, म्हणून मी कडेनं कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते आणि आठवड्याला उलटून तपासते. पलंगाखाली गेलेला, कुणी न हलवलेला भाग किड्यांना सगळ्यात आवडतो. दुसरी गोष्ट, आमच्या सासूबाई माळकरी आहेत. कातडं म्हटल्यावर त्यांनी त्यावर पाय ठेवला नाही आणि मीही कधी आग्रह केला नाही. ज्या घरात हे चालणार नाही, तिथे उगाच आणू नये.

त्यांच्या खोलीत घोंगडं आहे, माझ्या माहेरचं, काळ्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. आमच्या आज्यानं ते वापरलं, मग वडिलांनी. त्यावर बसलेले, निजलेले, पावसात डोक्यावर खोळ करून घेतलेले लोक मी पाहिले. पायताण घालून त्यावर चढलेला एकही माणूस मला आठवत नाही. लहानपणी ते मला फक्त मोठ्यांचं वळण वाटायचं. आता त्या वळणामागे लोकरीचं किती नेमकं ज्ञान होतं, ते कळतं. मुलगी सांगते की न्यूझीलंडमध्येही माओरी लोकांच्या सभागृहात, व्हारेनुईत, शिरताना पायातलं बाहेर काढून ठेवतात. तिच्या दाराशीही चपलांचं कपाट आहे. मेंढ्यांच्या त्या देशात तिच्या घरातला गालिचा सहा वर्षांचा आहे आणि माझ्या दोन वर्षांच्या गालिच्यापेक्षा चांगला दिसतो.

मग ह्यांचं काय केलं? डॉक्टरांचा सल्ला मोडायचा प्रश्नच नव्हता. म्हणून गालिचा हलवला. पलंगाच्या त्यांच्या वाटेवर आता काही नाही, साधी मोकळी फरशी. हे आधीच करायला हवं होतं, कारण एका रात्री गालिचा त्यांच्या पायाखालून सरकला होता. कपाटाला धरलं म्हणून पडले नाहीत. गुळगुळीत फरशीवर चामड्याची पाठ घसरते. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर गालिच्याखाली रबराची जाळी घातल्याशिवाय तो अंथरू नका. मी साडेतीनशे रुपयांची आणली, गालिच्याच्या मापानं कापली.

गालिचा आता त्यांच्या वाचायच्या खुर्चीपुढे आहे. ते चपलांसकट खुर्चीत बसतात, बसल्यावर चपला काढून बाजूला ठेवतात आणि मग पाय लोकरीवर टेकवतात. उठताना आधी चपला. त्याआधी रोज सकाळी मी लोकरीतून हाताची बोटं फिरवते. खोल लोकरीत टाचणी पडली तर डोळ्यांना दिसत नाही आणि ह्यांना टोचलेली कळणार नाही. मधुमेह असलेल्या घरात हा गालिचा ठेवायचा तर हे काम रोजचं आहे, ते धरूनच घ्या. माझ्या पलंगापाशी मी सध्या सतरंजीची घडी टाकली आहे. तितकी ऊब नाही, पण त्यावरून कुणी चपला घालून गेलं तरी बिघडत नाही आणि ती दर पंधरा दिवसांनी मशीनमध्ये धुता येते. ज्यांना पायातलं न काढता वावरायचं आहे त्यांनी सतरंजी किंवा आखूड लोकरीचा विणलेला गालिचा घ्यावा. फर घेऊच नये, खरीही नाही आणि नकलीही नाही.

खऱ्या कातड्याला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो पावसाळ्यातल्या देखभालीसाठी. नकलीला दोन.

मुलगी डिसेंबरात येते आहे. तिला अजून एक आणायला सांगितलं आहे, माझ्या बाजूच्या पलंगासाठी. पलंग भिंतीला लावून घेतला आहे, कडेला फक्त माझेच पाय उतरतील इतकीच जागा ठेवली आहे. रबराची जाळी कापून तयार आहे.