"काकू, रस्ता झालाय": हिमाचलच्या गरम कुंडांच्या सहलीत आमचे 64,100 रुपये कसे गेले

लिहू की नको, यात दीड महिना गेला. घरात विषय निघाला की आमचे हे उठून बाहेर जातात. जाऊबाई अजून माझ्याशी तुटक बोलतात, कारण सहल मी ठरवली होती. पण परवा शेजारच्या वहिनींनी मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली, "बघा, किती स्वस्तात नेतात" म्हणून. तोच फोटो, तोच मजकूर, फक्त नाव बदललेलं. लाज गेली खड्ड्यात, म्हटलं आता लिहायचंच.

मी 26 वर्षं पतसंस्थेत रोखपाल होते. सही जुळली नाही म्हणून ओळखीच्या माणसालाही परत पाठवलेलं आहे. "यांना व्यवहार कळत नसेल" असं वाटत असेल तर ते आधीच काढून टाका. कळतो. तरीही गेले.

सासूबाई 76 वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. दर हिवाळ्यात आम्ही त्यांना संगमेश्वरकडे तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यावर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतो. दोन दिवस पाण्यात पाय सोडून बसल्या की महिनाभर जिना धरून का होईना, चढतात. टीव्हीवर मणिकर्ण बघितल्यापासून त्यांनी एकच धरलं होतं, "एकदा त्या पाण्यात पाय बुडवायचाय." म्हणून तत्तापानी, मणिकर्ण, कलाथ, वशिष्ठ अशी फक्त गरम पाण्याच्या कुंडांची सहल ठरवली. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. आम्ही दोघं, सासूबाई, दीर, जाऊ आणि वन्सं, असे सहा जण.

माणूस फेसबुकवर सापडला. मराठी बोलायचा. "काकू, मी मूळचा सातारचा, नऊ वर्षं झाली मनालीत." इथेच अर्धी लढाई तो जिंकला. हिंदीत बोलणारा असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. आपल्याकडचं पोर परमुलखात धंदा करतंय, याचंच आम्हाला कौतुक वाटलं.

सात सीटची गाडी, तीन खोल्या, आठ दिवस, मिळून 84,000. 11 फेब्रुवारीला 21,000 आगाऊ. 3 मार्चला "हॉटेलवाले खोल्या सोडतील" म्हणून 16,500. 9 एप्रिलला "रोहतांग परमिट आणि ग्रीन टॅक्स" माणशी 1,100 प्रमाणे 6,600. निघायच्या आदल्या दिवशी "ड्रायव्हरला पाठवतोय, डिझेलचे टाका" म्हणून 15,000. झाले 59,100. वहीत प्रत्येक रक्कम तारखेसकट लिहिलेली आहे, रोज बघते.

रोहतांगचं परमिट गाडीला असतं, माणसाला नाही. अटल बोगद्यातून जायला ते लागतच नाही. एप्रिलअखेर ती खिंड बहुधा बर्फाखालीच असते. आणि आम्हाला रोहतांगला जायचंच नव्हतं! वशिष्ठ मनालीपासून तीनच किलोमीटरवर. हे सगळं मला आता माहीत आहे.

पण मला रात्री जागं ठेवतं ते वेगळंच आहे. त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात पाचव्या दिवशी लिहिलं होतं: "खीरगंगा, गाडी थेट कुंडापर्यंत." माझा भाचा दोन वर्षांपूर्वी खीरगंगेला जाऊन आला होता. बरशैणीपासून पुढे पायवाट, चार-पाच तास चढ, पायाला आलेले फोड त्याने मला दाखवले होते. मला माहीत होतं की तिथे गाडी जात नाही. मी ओट्याशी उभी होते, एका हातात फोन, दुसऱ्या हाताला कणीक. मी विचारलंसुद्धा, "अहो, खीरगंगेला तर चालत जावं लागतं ना?" तो थोडा थांबला. तो थांबा मला ऐकू आला. मग म्हणाला, "काकू, मागच्या वर्षीच रस्ता झालाय. आणि आजींना मी स्वतः हाताला धरून नेईन." मागून सासूबाई विचारत होत्या, "काय म्हणतोय गं?" मी त्यांना सांगितलं, "रस्ता झालाय म्हणे." त्यांचा चेहरा असा काही फुलला की पुढचा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला.

भाच्याला एक फोन करायला हवा होता. केला नाही. त्याच्या रात्रपाळ्या चालू होत्या, उगाच झोपमोड नको, असं मनाला समजावलं. खरं सांगायचं तर तो "मावशी, थांब" म्हणेल ही भीती होती. तेव्हा फक्त 21,000 गेले होते. तिथेच थांबले असते तर उरलेले 43,100 वाचले असते.

चंदीगडला गाडी आली. हो, खरंच आली. नंबरप्लेट पांढरी, काळ्या अक्षरांची, म्हणजे खाजगी गाडी. टॅक्सीची पाटी पिवळी असते, हे प्रत्येकाला माहीत असतं. यांनी ड्रायव्हरला विचारलं तर "मालिक की नयी गाडी है, पासिंग होना बाकी है." अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याचं कारण दाखवून हात झटकू शकते. पांढरी पाटी दिसली की सामान डिकीत टाकूच नका.

पहिला मुक्काम तत्तापानी. जाहिरातीतल्या फोटोत सतलजच्या वाळूत खणलेले खड्डे आणि त्यांतून निघणारी वाफ दिसत होती. आम्ही उतरलो तर समोर नुसतं संथ, हिरवं, तुडुंब पाणी. हॉटेलचा म्हातारा रखवालदार म्हणाला, "वो चश्मे तो झील में चले गये, बहनजी. कोल डॅम बना तब से." आता बोअरमधून काढलेलं गरम पाणी बांधलेल्या हौदांत सोडतात. हौद चांगले आहेत, सासूबाई तासभर बसल्या. पण तो फोटो किमान दहा वर्षांपूर्वीचा असणार, हे मला तिथे उभी राहिल्यावर कळलं. सकाळी काउंटरवर समजलं की तीन खोल्यांचे फक्त 2,000 जमा आहेत. उरलेले 5,500 आम्ही भरले. त्याला फोन लावला तर म्हणे, "काकू, अकाउंटवाल्याची चूक, मणिकर्णला मिळवून घेतो."

मंडीच्या अलीकडे पंपावर ड्रायव्हरने रोख 5,000 घेतले. हॉटेलचे 5,500 सोडून झाले 64,100. पावती दिली नाही, आम्हीही मागितली नाही. संध्याकाळी मणिकर्णच्या पुलाशी आम्हाला उतरवलं, "पार्किंग लगाके आता हूँ" म्हणाला आणि गेला. सामान काढून ठेवलं होतं, तेवढं नशीब. ज्या हॉटेलचं नाव दिलं होतं तिथे आमचं बुकिंग नव्हतंच. दोघांचेही फोन बंद.

पाण्यापाशी लोक तांदूळ-हरभऱ्याची फडक्यातली पुरचुंडी दोरीला बांधून उकळत्या कुंडात सोडत होते. हे बघायला सासूबाई एवढ्या लांब आल्या होत्या. एका बाईने शिजलेले हरभरे त्यांच्या हातावर ठेवले. त्या खात होत्या, आणि दहा पावलांवर मी सतराव्यांदा बंद नंबर लावत होते. रात्री गुरुद्वाऱ्यात जागा मिळाली, लंगरमध्ये जेवलो. कोणी नाव-गाव विचारलं नाही, पैसे मागितले नाहीत. त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे.

तिथल्या चौकीत गेलो. "पैसा कहाँ से भेजा? महाराष्ट्र से? तो वहीं शिकायत करो." घरी येऊन आमच्या ठाण्यात गेलो. "घडलं कुठे? हिमाचलात? मग तिकडे द्या." मी कागदावर लिहूनच नेलं होतं: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. ते वाचूनही अंमलदार म्हणाले, "मॅडम, गाडी आली ना? एक रात्र राहिलात ना? मग ही फसवणूक नाही, सेवेतली त्रुटी आहे. दिवाणी मामला. ग्राहक आयोगात जा." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी का पाठवली, 2,000 का भरले, याचं उत्तर हेच. काहीच दिलं नाही तर तो चोर ठरतो. दीड दिवस फिरवलं की व्यवहारातला वाद होतो. हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि आमच्या ठाण्यात ते कोणाला ऐकूनच घ्यायचं नाही. तीन फेऱ्यांनंतर तक्रारी अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला. गुन्हा नाहीच. वर "एवढ्या वयात कळायला नको का?" हे सासूबाईंच्या देखत ऐकवलं. चोराला कोणी विचारणार नाही, आणि 76 वर्षांच्या बाईला खाली मान घालायला लावायची!

ग्राहक आयोगाला समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र "असा इसम राहत नाही" शेरा मारून परत आलं. बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे हा अनधिकृत व्यवहार नाही." आयुष्यभर मीही काउंटरच्या त्या बाजूला बसले. नियम मलाही माहीत आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कोणत्या कागदांवर उघडलं, एवढं तरी विचारून घ्या, म्हटलं. "ती दुसरी बँक आहे." 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन केला तो सहाव्या दिवशी, घरी पोचल्यावर. तक्रार क्रमांक मिळाला, पण तोवर खातं रिकामं. पैसे गेल्याचं कळताच, तिथल्या तिथे, 1930 ला फोन लावा. मणिकर्णच्या पुलावरूनच लावला असता तर निदान शेवटचे 15,000 गोठवता आले असते, असं तिथल्या मुलीने सांगितलं. आधी चौकी, मग ठाणं करत बसलो, ही आमची चूक.

बिलावर जीएसटी क्रमांक होता. तो बघूनच आमचे हे निर्धास्त झाले होते. क्रमांकाची सुरुवात 07 ने होती, म्हणजे दिल्ली. हिमाचलचा असता तर 02 असता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिनशिवाय कोणताही क्रमांक तपासता येतो. मी तपासला, पण परत आल्यावर. नोंदणी रद्द झालेली निघाली, नावही दुसऱ्याच कोणाचं. पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असेल तर पाठवू नका. आमच्या चारही वेळा वेगळं होतं. "ते अकाउंट बायकोचं" म्हणाला, मग "भावाचं" म्हणाला. हॉटेलचा नंबर एजंटकडून घेऊ नका, स्वतः शोधा आणि त्याच दिवशी बुकिंगची खात्री करा. मराठी बोलतो म्हणून सूट देऊ नका.

मणिकर्णहून वशिष्ठला युनियनच्या टॅक्सीने गेलो, पिवळी पाटी, पावतीसकट. सासूबाईंनी बायकांच्या कुंडात पाय सोडले. मला म्हणाल्या, "तू नको वाईट वाटून घेऊ." मी बाहेर पायरीवर बसून रडले.

जाहिरातीतला फोटो असा आहे: नदीची करडी वाळू, वाळूत तीन वाफाळते खड्डे, लाल शाल पांघरलेला एक म्हातारा आणि त्याच्या शेजारी निळ्या स्वेटरमधला मुलगा. खाली पिवळ्या अक्षरांत "गरम कुंड दर्शन, 8 दिवस". नाव काहीही असू दे. ती जागा आता पाण्याखाली आहे.