टोळांच्या पैदाशीची पेटी : नऊ महिन्यांचा अनुभव

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. जानेवारीत मुलाच्या अकराव्या वाढदिवसाला घरात भुऱ्या आला. भुऱ्या म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, मूळ ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा. आला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि दिवसाला पंचवीस-तीस बारके टोळ खायचा. इथल्या दुकानांत टोळ डबीत मिळतात, एका डबीला साडेतीन पौंड. आठवड्याला चार डब्या म्हणजे महिन्याला ५५ पौंडांच्या वर खर्च, आणि प्रत्येक डबीत चार-पाच मेलेले निघायचे. म्हणून मार्चमध्ये ऑनलाइन ही पैदाशीची पेटी मागवली. पेटी, बल्ब, अंडी घालायचे दोन कप आणि वाळूची पिशवी असा संच ६८ पौंडांना पडला.

आधी चांगलं सांगते, कारण पेटी खरोखर विचार करून बनवली आहे. ४० सेंटिमीटर लांब-रुंद, ६० उंच. जाळी अ‍ॅल्युमिनियमची आहे, आणि ते फार महत्त्वाचं. प्लास्टिकची किंवा कापडी जाळी टोळ कुरतडून भोक पाडतात. पुढच्या बाजूला कापडी बाही शिवलेली आहे. तिच्यातून हात आत घातला की एकही टोळ बाहेर उडी मारत नाही. तळ बारीक भोकांच्या पत्र्याचा, त्यामुळे लेंड्या खालच्या ट्रेमध्ये पडतात. पेटीत ओल राहिली तर बुरशी धरते आणि सगळे मरतात, पण या तळामुळे नऊ महिन्यांत ती वेळ आली नाही.

आता बल्ब. टोळ हा उन्हातला जीव. त्याला दिवसा ३२ ते ३५ अंश ऊब लागते, तेव्हाच तो खातो आणि वाढतो. संचातला बल्ब २५ वॉटचा होता. मार्चच्या थंडीत आमच्या मागच्या खोलीत पेटीतलं तापमान २७ च्या वर गेलंच नाही. टोळ जाळीला चिकटून नुसते बसून राहायचे. ६० वॉटचा बल्ब लावला, काटा ३४ वर आला आणि तासाभरात सगळे कोंड्यावर तुटून पडले. हा बल्ब १४ तास चालतो, म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट. आमच्या दराने महिन्याला साधारण सव्वासहा पौंड होतात. पेटी घेणाऱ्याने हा खर्च आधीच हिशोबात धरावा.

माझी खरी तक्रार कपांबद्दल आहे. सुरुवातीला पिल्लांच्या दोन डब्या सोडल्या होत्या, त्यांना पंख फुटले. तीन आठवड्यांनी नर हळदीसारखे पिवळे झाले आणि माद्यांच्या पाठीवर तासन्‌तास बसू लागले. मग एका सकाळी पाहते तर मादी कपातल्या वाळूत पोट रुतवून बसलेली. अंडी घालताना ती पोट ताणून जवळपास दुप्पट लांब करते आणि आठ-दहा सेंटिमीटर खोल भोक पाडते. कप होते सात सेंटिमीटरचे! बिचारीचं पोट तळाला लागायचं. ती बाहेर काढायची, दुसरीकडे उकरायची, पुन्हा तळ. शेवटी तिने अंडी पत्र्यावरच टाकली, भाताच्या शितांसारखी विखुरलेली, आणि संध्याकाळपर्यंत ती वाळून गेली. असं तीन माद्यांचं झालं. टोळांच्याच पैदाशीसाठी विकायच्या संचात ही चूक कशी होऊ शकते? विक्रेत्याला लिहिलं तर तीन दिवसांनी उत्तर आलं की वाळू नीट ओली करून बघा. वाळू नीटच होती.

शेवटी किलोचा दह्याचा डबा घेतला. तो बारा सेंटिमीटर खोल. नवऱ्याने पत्र्यातलं कप बसवायचं भोक मोठं करून तो बरोबर बसवला. वाळू कढईत भाजून घेतली, गार केली आणि शंभर मापं वाळूला पंधरा मापं पाणी घातलं. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांना पाणी सुटता कामा नये. संचातल्या कागदावर फक्त 'ओलसर वाळू' एवढंच छापलंय, आणि या दोन शब्दांवर नवीन माणसाचं काही भागत नाही.

दुसऱ्याच दिवशी मादीने अंडी घातली आणि वरून पांढऱ्या फेसाचं बूच लावलं. डबा झाकून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवला, तिथे २९-३० अंश असतं. तेराव्या दिवशी सकाळी मुलगा ओरडतच खाली आला. फेसाच्या बुचातून अळीसारखं काहीतरी वळवळत वर येत होतं. वर आलं की लगेच पातळ कात टाकायचं आणि सहा पायांचं फिकट पिल्लू उभं राहायचं. दोन-तीन तासांत ती सगळी काळी झाली. त्या एका डब्यातून आम्ही ६४ मोजली.

मी मूळची काटोलची. २०२० च्या मेमध्ये टोळधाड मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा करत आमच्याकडे आली. लॉकडाऊन चालू होता. बाबा संत्र्याच्या बागेत उभं राहून डबा वाजवत होते आणि फोन खिशात तसाच चालू होता. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. त्यामुळे पेटीबद्दल त्यांना सांगताना मला संकोच वाटत होता. ते म्हणालेच, "कायले पोसते वं त्याहिले?" मी भुऱ्याचा फोटो पाठवला. आता दर रविवारी ते आधी विचारतात, "निंगाले का वं पिल्ले?"

त्यांनाच सांगायला म्हणून मुलाने एक प्रयोग केला. चार पिल्लं वेगवेगळ्या बरण्यांत एकेकटी ठेवली. पेटीतली गर्दीतली पिल्लं पिवळी-काळीच राहिली, पण बरणीतली कात टाकता टाकता हिरवी होत गेली. एकटा टोळ आणि धाडीतला टोळ ही एकाच जातीची दोन रूपं आहेत, ही गोष्ट लंडनमध्ये काम करणाऱ्या बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ साली मांडली. माझ्या खिडकीत ती चार बरण्यांत दिसत होती. बाबांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

पंख फुटेपर्यंत पिल्लं पाच वेळा कात टाकतात, आमच्याकडे त्याला पाच आठवडे लागतात. कात टाकताना ती उलटी लटकतात. संचातल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या काड्यांवरून घसरून पडली की पंख वाकडे होतात. बागेतल्या वाळक्या काटक्या लावल्यापासून ते थांबलं.

खायला कोंडा, कोबीची धुतलेली पानं आणि गव्हाची रोपं. ट्रेमध्ये गहू पेरला की आठ दिवसांत कापता येतो. ऑक्टोबरमध्ये घट बसवला तेव्हा देव्हाऱ्याजवळचं धान आणि खिडकीतले ट्रे एकाच दिवशी पेरले होते. धानाला अर्थातच हात लावला नाही, दसऱ्याला ते मुलाच्या टोपीत खोवलं. रस्त्याकडेचं गवत मात्र घालू नका, त्यावर काय फवारलंय कळत नाही.

ज्यांना दमा आहे त्यांनी ही पेटी घरात आणूच नये. लेंड्यांची आणि कातींची बारीक धूळ उडते, तिची अ‍ॅलर्जी होऊ शकते. मी मास्क लावूनच ट्रे साफ करते. आवाज मात्र अजिबात नाही, रातकिड्यांसारखी रात्रभर किरकिर नसते.

आणि टोळ घरचा असला तरी कॅल्शियमची पूड लागतेच. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. पूड आणि यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) नसेल तर सरड्याची हाडं मऊ पडतात. टोळ सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा देऊ नये. भुऱ्या आता वर्षाचा झालाय, पालेभाजी जास्त खातो, तरी टोळ दिसला की मान तिरकी करून काचेशी येतोच.

विकतच्या डब्या जूनपासून पूर्ण बंद आहेत. पेटीला पाचापैकी पाच, संचातल्या सामानाला दीड. एकच मोठा सरडा असेल तर डब्याच विकत घ्या, पण वाढतं पिल्लू असेल किंवा दोन-तीन सरडे असतील तर जरूर घ्या. त्याच दुकानात नुसती पेटी ४६ पौंडांना मिळते. तीच मागवा, बल्ब वेगळा घ्या आणि दह्याचा डबा धुऊन ठेवा.