वाइराउख एचडब्ल्यू १०० : दहा महिने वापरल्यानंतर

वाइराउख एचडब्ल्यू १०० ही हवेवर चालणारी रायफल घेतली तेव्हा वाटलं होतं, पुढे कधी लिहायची वेळ आली तर नेमाबद्दल लिहीन. आता लिहायला बसलोय आणि डोक्यात आधी येतेय ती हवा. पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून हवा भरलेली रायफल, घ्यायचा विचार असेल तर बंदुकीच्या आधी हवेचा विचार करा. मी उलटं केलं आणि त्याचे पैसे मोजले.

कुठं आणि कशासाठी, ते आधी सांगतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. मी मूळचा कराडकडचा. गेली अकरा वर्षं इंग्लंडात आहे, सध्या श्रॉपशरमध्ये, लडलोजवळ. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर सशांनी उच्छाद मांडलाय. गव्हाची कड साफ, कुरणात बिळं, त्यात मेंढ्यांचे पाय अडकतात. इथल्या १९५४ च्या कायद्यानं ससे आटोक्यात ठेवायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी जमीन कसणाऱ्यावरच आहे. त्यानं मला लेखी परवानगी दिली, ती मी दुर्बिणीच्या डबीत घडी करून ठेवतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सशाच्या मागं लागायला एवढ्या लांब गेलास व्हय रं?"

लहानपणापासून बंदूक म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची. इथं आल्यावर स्प्रिंगची घेतली, तीन वर्षं वापरली. तिच्यात घोडा दाबला की स्प्रिंग सुटते आणि छर्रा अजून नळीतच असताना रायफल आधी मागं, मग पुढं हिसका देते. हात सैल धरायचा, पण दर वेळी तेवढाच सैल. कागदावर जमायचं, पोटावर झोपून ओल्या गवतात जमेना. पीसीपीत हातोडी झडपेवर आपटते, मोजकी हवा सुटते, झालं. हिसका जवळपास नाहीच. पुढे सायलेन्सर असेल तर आपल्याला ऐकू येतो तो फक्त हातोडीचा टक्.

एक गोष्ट मला दुकानात जाईपर्यंत नीट उमगली नव्हती. इंग्लंडात परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलला १२ फूट-पाउंडची (छर्रा किती जोरात सुटतो त्याचं माप) मर्यादा आहे. ती दीडशे पाउंडाच्या स्प्रिंगवाल्या रायफललाही तेवढीच आणि हजार-दीड हजाराच्या पीसीपीलाही तेवढीच. महागडी रायफल जास्त जोरात मारत नाही! जास्तीचे पैसे जातात ते हिसका नसण्याचे, पहिला आणि तिसावा छर्रा एकाच भोकात जाण्याचे, आणि घोड्याचे. घोडा मात्र खरंच सुरेख. पहिला टप्पा संपतो तिथं बोटाला भिंत लागते, पुढं नुसतं मनात आणायचं.

दुकानात समोरासमोर व्यवहार करावा लागतो, घरपोच पार्सल येत नाही. अठरा वर्षं पूर्ण असल्याचं ओळखपत्र दाखवायचं, नाव-पत्ता नोंदवायचा. स्कॉटलंडात गोष्ट वेगळी, तिथं २०१६ संपल्यापासून साध्या एअर रायफललाही प्रमाणपत्र लागतं. सुट्टीत तिकडं जाताना चुकूनही डिकीत राहू देऊ नका.

मग प्रश्न नळीचा. पॉइंट १७७, म्हणजे साडेचार मिलिमीटर, की पॉइंट २२, साडेपाच? इथले जुने शिकारी म्हणतात, पिसांना, म्हणजे पक्ष्यांना, १७७ आणि केसांना, म्हणजे केसाळ जनावरांना, २२. मी केसांसाठीच घेत होतो, तरी १७७ घेतली. हिशेब साधा आहे. ८.४४ ग्रेनचा (ग्रेन हे छर्ऱ्याच्या वजनाचं माप) छर्रा सेकंदाला ७८० फुटांनी गेला की ११.४ फूट-पाउंड होतात. पॉइंट २२ चा १६ ग्रेनचा छर्रा तेवढ्याच जोरात ५७० वरच अडतो. हळू छर्रा जास्त झुकतो, म्हणजे अंतर चुकलं की नेम जास्त चुकतो. आणि अंतर चुकतंच. पहिल्या आठवड्यात मी डोळ्यानं मोजलेले ३० यार्ड लेसरवर ३८ निघाले. सशाचा डोळा आणि कान यांच्यामधली जागा जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, छर्रा तिथंच लागायला हवा. इकडं तिकडं लागला तर जनावर बिळात जाऊन तडफडत मरतं, ते कुणालाच नको. म्हणून मी ३५ यार्डांच्या पुढं मारतच नाही. रायफल त्याहून लांब नेम धरते, मी धरत नाही.

आता हवेकडं येतो.

सुरुवातीला पैसे वाचवायला हातपंप घेतला. दिसतो सायकलच्या पंपासारखा. टाकी २०० बारपर्यंत भरायची असते. कारच्या टायरमध्ये जेमतेम अडीच बार असतात, यावरून अंदाज घ्या. शंभरवरून दोनशेवर न्यायला माझ्या मोजणीनं नव्वद ठोके. पहिले तीस मजेत, शेवटच्या वीसला अख्खं अंग टाकावं लागतं, मग पंप तापतो म्हणून थांबायचं. सतराशेऐंशीच्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याकडं जिरांदोनीची हवेची रायफल होती, तिची टाकी भरायला दीड हजार ठोके लागत म्हणतात. त्या शिपायांबद्दल मला आता अतोनात आदर आहे. पण खरी अडचण कष्टांची नाही, ओलाव्याची. इथली हवा बारा महिने दमट, ती दाबली की पाणी सुटतं. चौथ्या महिन्यात पंपाचं सील गेलं. खालचा स्क्रू उघडला तर तपकिरी पाण्याचे थेंब तळहातावर. ते पाणी टाकीत गेलं असतं तर आतून गंज धरला असता. त्या दिवशी पंप बंद.

मग ७ लिटरचा, ३०० बारचा डायव्हिंगचा सिलिंडर घेतला. पाणबुड्यांच्या दुकानात तो भरून मिळतो, तिथं हवा कोरडी करून भरतात. तपासणीची तारीख उलटलेली असेल तर ते हात लावत नाहीत. जुना सिलिंडर घेताना मानेवर ठोकलेली तारीख आधी बघा, मी स्वस्तात मिळाला म्हणून उड्या मारत घरी आणला आणि आठवड्यानं तपासणीचे वेगळे पैसे भरले. रायफल भरताना झडप अगदी केसभर उघडायची. घाई केली तर हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि चहा पिऊन येईपर्यंत १८५ वर उतरलेला असतो. भरायच्या जोडांना साधं तेल लावू नका. एवढ्या दाबाखाली ते पेटू शकतं. सिलिकॉनचं ग्रीस, तेही थेंबभर. ऑक्सिजनचा सिलिंडर तर जोडायचाच नाही, कुणी कितीही हुशार असो.

एका भरण्यात मला चाळीसएक छर्रे मिळतात. आत रेग्युलेटर आहे, तो टाकीतला दाब उतरत गेला तरी झडपेला ठरलेलाच दाब पोचवतो. वेगमापकावर सलग तीस छर्रे ७७४ ते ७८१ मध्ये पडले. संध्याकाळच्या फेरीत मी पाच-सहाच्या वर कधी मारलेले नाहीत, त्यामुळं चाळीसचा आकडा दुकानात महत्त्वाचा, शेतात नाही. दुर्बीण लावली की वजन चार किलोच्या वर जातं. बांधानं तासभर चाललं की खांदा बोलायला लागतो. पट्टा पहिल्याच दिवशी घ्या.

मॅगझिन १४ छर्ऱ्यांचं आहे, सोयीचं. पण एक धडा सांगतो. जूनमधली संध्याकाळ, खाजकुयलीसारख्या चावणाऱ्या नेटलच्या झुडपाआड मी पालथा. बाजूची लिव्हर ओढून सोडली, ससा हलला, मी थांबलो, आणि दोन मिनिटांनी लिव्हर ओढलीय की नाही तेच आठवेना. परत ओढली. नळीत एकामागं एक दोन छर्रे. नशीब, ससा तोवर गेला होता. मातीच्या ढिगावर मारून मोकळी केली, ठस्स असा आवाज आला आणि दोन्ही छर्रे बरेच खाली आदळले. मॅगझिनवाल्या बऱ्याच रायफलींचा हा स्वभाव आहे. आता मारायच्या क्षणापर्यंत लिव्हर उघडीच ठेवतो.

ज्यांना खायचेत त्यांच्यासाठी : मारल्यावर लगेच पोटावरून अंगठा फिरवून मूत्राशय रिकामं करा, मग पोट साफ करा. यकृतावर पांढरे ठिपके दिसले किंवा डोळे सुजलेले असले तर फेकून द्या. डोळे सुजतात ते मिक्सोमाटोसिस या सशांच्या रोगानं, तो इथं १९५३ पासून आहे. मांस चरबीशिवायचं, कोरडं. घरून आलेली कांदा-लसूण चटणी, भाजलेलं खोबरं आणि कुकरच्या पाच शिट्ट्या. बायको म्हणते गावठी कोंबडीसारखं लागतं. मला नाही वाटत, पण मी वाद घालत नाही.

गावाकडच्या मित्रांनी विचारलंय, इकडं चालेल का? शिकारीला नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली रानातला ससासुद्धा संरक्षित आहे. कागदावर नेम धरायचा असेल तर साडेचार मिलिमीटर आणि २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. इथले १२ फूट-पाउंड म्हणजे सव्वासोळा जूल. पॉइंट २२ मात्र नळीच्या मापामुळंच परवान्यात जाते.

हातपंप अजून गॅरेजात पडलाय. सील बदलून सायकलला लावून बघितला. सायकलला चालत नाही.