टाँग टेस्टरचा आकडा दाखवून गळ्यात मारलेली ‘वीज बचत’ पेटी

मंगळवार पेठेतल्या एका घरात दीड हजाराला विकलेली ही पेटी. सॉकेटमध्ये खोचली की हिरवा दिवा लागतो. ‘लाईट बिल निम्म्यावर येईल’ असं सांगून विक्रेत्याने प्रात्यक्षिकही दाखवलं होतं. पुढच्या महिन्यात बिल होतं तेवढंच आलं. पेटी उघडली तर आत ४.७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर (वीज तात्पुरती साठवणारा भाग), दिव्यासाठी चिमूटभर सर्किट, बाकी मोकळी जागा.

फसवणूक प्रात्यक्षिकातच आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. तांब्याच्या चोकची जुनी ४० वॅटची ट्यूब लावतात आणि वायरवर टाँग टेस्टर, म्हणजे चिमट्यासारखा वायरभोवती बसून करंट मोजणारा मीटर, धरतात. करंट ०.४३ अँपिअर. पेटी खोचली की ०.२३. विक्रेता लगेच गुणाकार करतो: २३० गुणिले ०.४३ म्हणजे ९९ वॅट, आता फक्त ५३! आकडे खोटे नाहीत, पण पहिल्याला वॅट म्हणणं खोटं आहे. चोक असला की करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर याला पॉवर फॅक्टरनेही (एकूण करंटपैकी खरं काम करणारा हिस्सा) गुणावं लागतं. इथे तो ०.५३ च्या आसपास, म्हणजे ट्यूब चोकसकट ५२ वॅटच खात होती, पेटी लावण्याआधीही. कंडेन्सर ५० हर्ट्झवर साधारण ०.३४ अँपिअर घेतो आणि चोकला लागणारा तेवढा बिनकामाचा करंट जागच्या जागी भागवतो. घरगुती मीटर त्या करंटचे पैसे मुळातच लावत नाही.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत कंडेन्सर पॅनल असतात आणि त्यांचा खरोखर फायदा होतो, कारण तिथल्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशेब धरला जातो. विक्रेते नेमका हाच दाखला देतात. घरच्या बिलाला तो लागू नाही.

कोणी पेटी घेऊन आलंच तर त्याला पाणी तापवायच्या १००० वॅटच्या रॉडवर प्रयोग करायला सांगा (रॉड आधी पाण्यात बुडवा, मग बटण). रॉड म्हणजे निव्वळ रेझिस्टन्स, तिथे साधा गुणाकार चालतो. २३० व्होल्टला ४.३५ अँपिअर, म्हणजे १००० वॅट; २३० भागिले ४.३५, रेझिस्टन्स ५३ ओहम. पेटी लावल्यावर करंट कमी होणार नाही, उलट दुसऱ्या दशांशाला किंचित वाढेल. व्होल्टेज मात्र त्याच वेळी मोजा, २३० गृहीत धरू नका. २१५ असेल तर हाच रॉड ४.०६ अँपिअर आणि ८७२ वॅटच घेतो. दोन मोजण्यांच्या मधे व्होल्टेज उतरलं तर तेही पेटीच्या नावावर खपवतात.

सगळ्यात पक्की परीक्षा घरच्या मीटरवरच होते. मीटरवर ‘३२०० इम्प प्रति किलोवॅट-अवर’ असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद करून फक्त ती ट्यूब लावा आणि दहा मिनिटं लाल दिव्याचे लुकलुक मोजा. ५२ वॅटला २७-२८ येतात. पेटी खोचून पुन्हा मोजा, तेवढेच येतील.

पेटी घेतलीच असेल तर काढून टाका, पण काढल्यावर पिनांना हात लावू नका. स्वस्त मालात कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्स बसवलेला नसतो आणि बसतो तो झटका ३२५ व्होल्टपर्यंतचा असू शकतो. लहान मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका. पावती असेल तर पेटीसह जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.