हवामान अ‍ॅपचं पेड सबस्क्रिप्शन: रडार झकास, 'समुद्र' टॅब बोगस

अ‍ॅपचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको. वर्षाचे ७९९ भरले ते मुळात रडारसाठी आणि त्याबद्दल तक्रार नाहीच, परवा नळस्टॉपला "१५ मिनिटांत जोरदार" असं आलं, मी गाडी कडेला घेऊन रेनकोट चढवला आणि तेवढ्यात धो धो सुरू, शेजारचा बाइकवाला माझ्याकडे ज्योतिषी असल्यासारखा बघत होता.

पण पेडमध्ये जो 'समुद्र' टॅब देतात ना, तो म्हणजे तीन गोल दिवे. प्रशांत, हिंद, अटलांटिक. लाल म्हणजे पावसाला वाईट, हिरवा म्हणजे चांगला, बास. जूनमध्ये प्रशांत लाल झाला आणि मी शहाण्यासारखा सासवडला मेव्हण्याला फोन केला की यंदा वाटाणा थांबव. तो म्हणाला, दाजी, तुमचं अ‍ॅप पेरायला येणारे का?

मग खाजच सुटली. जुनी वर्षं टाकून बघता येतात, तेवढी सोय आहे. १९९७ टाकलं, प्रशांत लालभडक, बरोबरच आहे, एल निनो (प्रशांतातलं पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, आपल्या पावसाला बहुधा वाईट) तगडा होता. पण देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के! २००२ टाकलं, एल निनो त्यामानाने बारका आणि पाऊस ८१ टक्के. दिवा दोन्हीकडे लालच.

आमच्या सोसायटीत वेधशाळेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना मोबाइल दाखवला तर हसायलाच लागले. "अरे, हे तीन दिवे नाहीत, एका वाड्यातली तीन बिऱ्हाडं आहेत, एकाने मोरीत नळ सोडला की दुसऱ्याची धार बारीक होते." प्रशांतातलं गरम पाणी पूर्वेला सरकलं की ढग पण त्याच्या मागे जातात, मग इंडोनेशियावर हवा खाली बसते, सुमात्राजवळ वारे पश्चिमेकडे वाहायला लागतात, तिथे खालचं गार पाणी वर येतं आणि आफ्रिकेकडचा हिंद महासागर तापतो. हाच पॉझिटिव्ह डायपोल, आपल्या पावसाला बहुधा चांगला, ९७ ला त्यानेच आपल्याला सावरलं असं मानतात. म्हणजे लाल दिव्यानेच हिरवा पेटवायला मदत केली (दरवेळी करतो असं नाही, डायपोल कधी स्वतःच्या जिवावर पण येतो) आणि अ‍ॅप दोन्ही सुटे दाखवतंय!

अटलांटिक तर कायम करडा, 'डेटा नाही'. अहो, आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकात गिनीच्या आखाताकडे जून ते ऑगस्टमध्ये पाणी जास्त तापलं की आपला मान्सून ढिला पडायचा कल असतो, वर तिकडे प्रशांतात पूर्वेचे वारे जोर धरतात आणि ला निनाला (एल निनोच्या उलट, तेच पाणी गार पडणं) हातभार लागतो. आणि त्यालाच करडा?

बरं, हिरव्यावर पण विसंबू नका. २०२३ ला डायपोल पॉझिटिव्ह होता, तरी देशाचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, कारण डायपोलला खरा जोर चढेपर्यंत सीझन संपत आला होता. दिवा कधी लागला ते तरी सांगा की.

हे सगळं कस्टमर केअरला मेल केलं. सहा दिवसांनी उत्तर: "कृपया जीपीएस चालू आहे का तपासा."

रडारला पाच स्टार, समुद्राला एक, तो पण रंग छान आहेत म्हणून. ऑटो रिन्यूअल बंद केलंय. आणि मेव्हण्याने वाटाणा माझा फोन जायच्या आदल्या दिवशीच पेरला होता.