नवे म्हणून विकलेले सात वर्षांचे हिवाळी टायर

ठरलेल्या रकमेपैकी ७० टक्के आगाऊ आणि उरलेले ३० टक्के टायर बसवून झाल्यावर, असे सगळे पैसे मी स्वतःच्या हाताने मोजून दिले, आणि नवे म्हणून घेतलेले चारही हिवाळी टायर सात वर्षांपूर्वीचे निघाले. हे सांगताना लाज वाटते, तरी थंडीच्या तोंडावर आणखी कोणी असे नाडले जाऊ नये म्हणून लिहीत आहे.

जुना माल चकचकीत करून खपवतात हे मलाही ठाऊक होते. बसवण्याआधी मी एका टायरवरून बोट फिरवले तेव्हा ते पॉलिशने काळे झाले, आणि खाचेच्या कडेला नख रोवले तर रबर दबलेच नाही. ७ अंशांखालीही रबर मऊ राहावे म्हणून तर हिवाळी टायर वेगळा बनवतात. मग दुकानाच्या उबेत जे नखाला दाद देत नाही, ते गारठलेल्या रस्त्याला काय धरणार? मी विचारलेही. ‘नवा टायर सुरुवातीला कडकच असतो,’ असे विक्रेता म्हणाला आणि मी गप्प बसलो. बोटाला काळे लागलेले दिसत असताना गप्प बसलो, हे अजून मनाला डाचते.

मी डोळे मिटून व्यवहार केला नव्हता. खाचांची खोली मोजली, ती साडेसात मिलिमीटर भरली. बर्फासाठी किमान ४ हवी. बाजूवर ‘एम प्लस एस’ (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरेही होती. मात्र ती अक्षरे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. बर्फावरच्या चाचणीची खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण. तो नसेल तर टायर घेऊ नका.

उत्पादनाची तारीख सांगणारे चार आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि चारही टायरांची ती बाजू आत वळवलेली होती. पहिल्याच गारठ्यात ओल्या उतारावर ब्रेक दाबूनही गाडी थांबण्याच्या रेषेपुढे घसरली, तेव्हा दुसऱ्या कारागिराने ती जॅकवर चढवून विजेरीच्या उजेडात ‘२४१६’ वाचून दाखवले, म्हणजे २०१६ सालचा चोविसावा आठवडा. माझी खरेदी नोव्हेंबर २०२३ मधली. टायर रिमवर चढण्याआधीच हे आकडे स्वतः वाचा.

पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून तक्रार लिहून घेतली नाही. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात मी चार वेळा गेलो. एकदा अर्जाचा नमुना चुकीचा ठरला, एकदा संबंधित अधिकारी रजेवर होते, एकदा आधीची कागदपत्रे सापडेनात, आणि अखेरीस ‘हेच टायर त्या दुकानातून घेतले याला पुरावा काय,’ असे मलाच विचारण्यात आले, जणू गुन्हा मी केला होता. पावतीवर केवळ ‘हिवाळी टायर, ४ नग’ एवढेच होते. कंपनी, माप आणि तारखेचे आकडे पावतीवर उतरवून घेतल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका. माझे पैसे परत आलेले नाहीत. ते चार टायर पुरावा म्हणून मी अजून जपून ठेवले आहेत, पण त्यांची तपासणी करायला आजवर कोणीही आलेले नाही.