लांब राइड आणि गुडघे: क्लीट की फ्लॅट पेडल?

सायकलवर शंभर किमीच्या पुढे जायला लागलं की गुडघा कधीतरी बोलतोच, आणि मग पहिला सल्ला मिळतो "क्लीट लाव" आणि दुसरा "क्लीट काढ". (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा; फ्लॅट म्हणजे साधं सपाट पेडल.) मी दोन्ही केलंय, दोन सीझन क्लीट आणि त्यानंतर आत्तापर्यंत फ्लॅट, त्यामुळे थोडं लिहितो.

आधी एक, सीटची उंची चुकलेली असेल तर पेडल कुठलंही लावा, दुखणारच. पुढे वाटीपाशी दुखतंय तर बहुतेक वेळा सीट खाली किंवा फार पुढे असते, मागे लवणीत ओढल्यासारखं होतंय तर जास्त वर. आणि जड गिअर रेटत ६० च्या कॅडेन्सने (मिनिटाला पेडलचे फेरे) चढ चढायची सवय असेल तर आधी ती सोडा, ८०-९० ला पाय फिरू द्या. एवढं झालंय असं धरून पुढे बोलतो.

क्लीटचं सुख खरं आहे, नाकारत नाही. चवडा दर वेळी एकाच जागी, खराब रस्त्यावर पाय उडत नाही, बूट कडक असल्यामुळे तळवा थकत नाही, आणि एकदा बसलं की बाईक अंगाचा भाग वाटते. वर ओढून ताकद मिळते म्हणतात, मला तरी तसं फार जाणवलं नाही, पण असेल.

पण पाय एकाच रेषेत बांधला गेला की ती रेषा बरोबर असायला लागते ना. ९० कॅडेन्सने पाच तासात एक पाय २७,००० वेळा फिरतो, क्लीटचा कोन जरा जरी चुकला असेल तर तेवढ्या वेळा गुडघ्याला पीळ बसतो. फ्लोट असतो यासाठी, म्हणजे अडकलेल्या क्लीटलाही थोडं फिरायची मोकळीक, शिमानोच्या एसपीडी-एसएल प्रकारच्या पेडलमध्ये पिवळ्या क्लीटला ६ डिग्री, निळ्याला २, लालला शून्य. मी पिवळीच वापरत होतो, तरीही.

माझं बिनसलं ते क्लीट बदलताना. क्लीट झिजते, बदलावी लागतेच, म्हणून मी शहाण्यासारखं जुनीच्या कडेने बुटाच्या तळाला मार्करने रेघ मारली, नवी बरोब्बर त्या रेघेत बसवली, घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) वीस मिनिटं चालवून बघितलं, एकदम मस्त. आणि राइडला साठाव्या किमीला उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखं सुरू झालं. रस्त्याच्या कडेला एका पायावर उभं राहून, बूट हातात घेऊन अ‍ॅलन कीने केसभर फिरवली, तर परत येताना बाहेरच्या बाजूने दुखायला लागलं. हे असं तीन रविवार चाललं. वैताग असा की चूक घरी कळतच नाही, ती कळायला पन्नास-साठ किमी जावं लागतं आणि तोवर गुडघा चिडलेला असतो, मग चार दिवस आराम, मग परत तेच. फिटिंग, म्हणजे जाणकाराकडून सीट-क्लीट अंगाच्या मापाने बसवून, करून घेतलं असतं तर कदाचित वाचलो असतो, हे मान्य, पण क्लीट झिजली की परत त्या जाणकाराकडे जायचं का?

चौथ्या रविवारी वैतागून फ्लॅट लावले, पिनवाले (बुटाला पकड मिळावी म्हणून वर छोटे खिळे असलेले). फ्लॅटवर पाय आपोआप सरकतो, कुठे जरा ओढ वाटली की टाच थोडी आत, थोडी बाहेर, कळतही नाही आपण केलं ते. दुखणं त्या दिवशी लगेच गेलं नाही, दोन-तीन आठवडे लागले, पण परत आलं नाही.

तोटे आहेत. पिनने नडगी सोलवटून निघते (एकदा तरी होतंच), पावसात गुळगुळीत तळाचे बूट घसरतात, आणि मऊ स्पोर्ट्स शूज घातले तर लांब राइडला तळवा दुखतो, त्यामुळे जरा कडक आणि सपाट तळाचे घ्या. दमल्यावर पाय हळूहळू पुढे सरकून पेडल तळव्याच्या मध्यावर येतं, तेवढं लक्ष ठेवायला लागतं.

रेस करणार असाल, ग्रुपमध्ये वेगात जाणार असाल तर क्लीटच बरी बहुतेक. दिवसभर आरामात चालवायचंय आणि गुडघा आधीच कुरकुरतोय, तर मी तरी फ्लॅटने सुरू करीन. आणि सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर पेडलचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

एक राहिलं, पेडल आणि बूट बदलले की तळाची जाडी बदलते, म्हणजे सीट परत काही मिलिमीटर वरखाली करावी लागते. सीटपोस्टला आधी टेप लावून जुनी खूण करून ठेवा, मी केली नव्हती.